आजार लागतो का, आणि लांबतो का

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातल्या आष्टी आणि आसपासच्या गावांत तीव्र मानसिक आजारांचं काम करताना जवळपास प्रत्येक घरात पहिला प्रश्न एकच येतो: हे कशानं झालं? पोरगं रात्र-रात्र जागं राहतं, एकटंच पुटपुटतं, शेजारचे आपल्यावर काहीतरी करतायत म्हणतं, जेवणात काही घातलंय म्हणून ताट सारतं, आणि घरची माणसं कारण शोधायला लागतात. कुणी करणी म्हणतं, कुणी अमावस्येला बांधावरून आला तेव्हा लागीर झालं म्हणतं. कुणाच्या मते भरतीच्या अभ्यासाचं टेन्शन, कुणाच्या मते गांजा, कुणाच्या मते मोडलेली सोयरीक. सून आजारी असेल तर 'त्यांच्या घराण्यातच आहे' हे वाक्य ठरलेलं. या प्रश्नाला हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या घरात हे घडतं त्याला कारण हवंच असतं. पण या कामात वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की आपल्यापुढे प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकात एक मिसळतो. आजार लागतो का, हा पहिला. लागलेला आजार लांबतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जगभरच्या संशोधनाला अर्धंमुर्धं सापडलं आहे. दुसऱ्याचं बरंच पक्कं सापडलं आहे, आणि त्यातली बहुतेक कारणं माणसाच्या हातातली आहेत. तरीही आपली जमीन, पैसा, पायपीट आणि आशा पहिल्या प्रश्नावर खर्च होते, आणि माणूस हातचा जातो तो दुसऱ्यात.

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेली पकड सुटणं. नसलेले आवाज ऐकू येतात, पुराव्याला न जुमानणारे संशय घट्ट बसतात, बोलण्याचा धागा तुटतो. हे एका आजाराचं नाव नाही. स्किझोफ्रेनियात हे होतं, मूड खूप चढल्या-उतरल्यावर होतं, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत होतं, फिटच्या आजारात होतं, थायरॉइड बिघडल्यावर होतं, बी-१२ जीवनसत्त्व फार कमी पडल्यावर होतं, मेंदूच्या टीबीत आणि मेंदूला सूज आल्यावरही होतं. २००७ मध्ये तर असं दिसून आलं की शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांनी मेंदूतल्या एका रिसेप्टरवर हल्ला केला तर तरुण मुलगी चार दिवसांत पूर्ण भ्रमिष्ट होते, आणि वेळेत ओळखलं तर बरीही होते. म्हणून पहिल्या झटक्याला तपासणी करायलाच हवी. ताप आहे का, फिट आली होती का, बाळंतपण कधी झालं, कुठली गोळी किंवा नशा सुरू होती, हे विचारायला आणि साधं रक्त तपासायला मोठं शहर लागत नाही.

हे सगळं बाजूला केल्यावर उरतो तो मुख्यतः स्किझोफ्रेनिया, आणि त्याच्या कारणांचा शोध ही गेल्या शंभर वर्षांतली फार मोठी मोहीम आहे. शंभरातल्या साधारण एकाला आयुष्यात हा आजार गाठतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण दहाच्या आसपास जातं. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ असते. म्हणजे अनुवंशाचा वाटा मोठा आहे, पण सगळा हिशोब त्याचा नाही. सगळा असता तर जुळ्यांमध्ये शंभर टक्के मेळ दिसला असता. २०१४ मध्ये जनुकांच्या १०८ जागा या आजाराशी जोडलेल्या सापडल्या, २०२२ मध्ये तो आकडा २८७ वर गेला. यातली प्रत्येक जागा धोक्यात अगदी चिमूटभर भर घालते आणि त्यातल्या पुष्कळ तुमच्या-माझ्यातही असतात. हे नमुनेही बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांचे. चेन्नईत स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या स्कार्फ संस्थेच्या डॉ. आर. थारा आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक यांनी भारतीय रुग्णांचा जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा त्यात नियासिन जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी निगडित जागा पुढे आली. आपल्याच लोकसंख्येत शोधावं लागतं ते यासाठी.

अनुवंशाच्या बाहेरही पुरावे आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला त्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया दुप्पट आढळला, आणि चीनमधल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळानंतरही तेच दिसलं. अवघड बाळंतपण, लहानपणचा छळ, परमुलखात उपरेपणानं जगणं, दाट शहरात वाढणं यांनी धोका वाढतो. गांजाबद्दल स्वीडनच्या सैन्यभरतीतल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा अभ्यास १९८७ मध्ये आला. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. ज्या मराठवाड्यानं १९७२ चा दुष्काळ गर्भार बायांसकट सोसला, तिथे हॉलंडचा दाखला वाचून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. पण हॉलंडला तो शोध लावता आला कारण त्यांच्याकडे जन्माच्या आणि पुढच्या आजारांच्या नोंदी एकमेकींना जोडता येत होत्या. आपल्याकडे तशी नोंदवहीच नाही.

या साऱ्यातून घरच्यांना सांगण्यासारखं एक ठाम वाक्य निघतं: दोष कुणाचाच नाही. आईच्या वागण्यानं हा आजार होतो, हा विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत बोकाळलेला सिद्धांत पुराव्यापुढे टिकला नाही. कपाशीचं पीक बसलं तर बियाणं, उशिरा आलेला पाऊस आणि बोंडअळी यांतलं एकच कारण कुणी शेतकरी धरून बसत नाही. तितकाच समजूतदारपणा इथे हवा. एकच कारण सांगणाऱ्यापासून सावध राहावं, मग तो देवऋषी असो नाहीतर 'मेंदूत एक केमिकल कमी झालंय' म्हणून दोन मिनिटांत मोकळा होणारा डॉक्टर.

आता कुणी म्हणेल, कारण कळल्याशिवाय उपचार कसला? वैद्यकाचा इतिहास बरोबर उलट सांगतो, आणि त्यातला महत्त्वाचा तुकडा आपल्या मातीतला आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर पूर्वापार दिली जायची. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचा उपयोग आधुनिक वैद्यकाच्या भाषेत मांडला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि मुळी जगाच्या नजरेत आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते रुग्णांना दिलं. मग स्वीडनचे आर्विद कार्लसन हे रेसर्पिन प्राण्यांना देऊन बघत होते. त्यातून मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम उलगडलं, आणि १९६३ मध्ये त्यांनी दाखवलं की सायकोसिसची औषधं डोपामिनच्याच वाटेवर बसतात. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे सायकोसिसवरचं औषध वापरात आलं १९५२ मध्ये, म्हणजे ते का काम करतं हे कळायच्या दहा-अकरा वर्षं आधी. औषध आधी आलं, कारण मागून आलं, आणि तेही अपुरं. कारण ठरेपर्यंत थांबणारी घरं तेवढी वर्षं हकनाक गमावतात.

लांबण्याच्या कारणांतलं पहिलं म्हणजे उशीर. पहिली लक्षणं दिसल्यापासून पहिला योग्य उपचार मिळेपर्यंत जो काळ जातो तो जितका मोठा, तितकी पुढची सुधारणा कमी, असं देशोदेशीच्या अभ्यासांत सतत दिसतं. आष्टीकडे हा काळ कसा साचतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिले काही आठवडे 'वयच आहे, होईल नीट' यात जातात. मग गावातला भगत, उतारा, लिंबू-नारळ, गंडा. मग कुणीतरी बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचं नाव काढतं; होळीच्या यात्रेत जायचं ठरतं, आणि होळी चार महिन्यांवर असेल तर तेवढी वाट पाहिली जाते. मध्ये एखादा गावातला डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतो, दोन रात्री शांत जातात. मग 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला येतो आणि एका अजाण मुलीचंही आयुष्य त्यात ओढलं जातं. जालन्याच्या सिव्हिलला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला माणूस पोचतो तेव्हा शाळा-कॉलेज सुटलेलं, नोकरी गेलेली, कर्ज झालेलं आणि गावानं 'येडा' हे नाव पक्कं केलेलं असतं.

यावर अभ्यासकांचाच एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. ज्यांचा आजार हळूहळू, मुकाट्यानं येतो ते उशिरा पोचतात, आणि तसा आजार मुळातच चिवट असतो. मग दोष उशिराचा की आजाराच्या जातीचा? याची तपासणी नॉर्वेच्या रोगालांड जिल्ह्यात झाली. तिथे वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळा यांतून लोकांना पहिली लक्षणं सांगितली गेली आणि कुणीही फोन केला तर लगेच घरी जाऊन पाहणारी पथकं नेमली. तुलनेला असे भाग घेतले जिथे उपचार तेच होते, मोहीम मात्र नव्हती. मोहिमेच्या भागात उशिराचा मधला आकडा ५ आठवड्यांवर आला, बाकीकडे तो १६ होता. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा मोहिमेच्या भागातले साधारण ३१ टक्के लोक बरे होऊन कामाधंद्याला लागलेले होते, इतर भागांत १५ टक्के. मोहीम थांबवल्यावर तिथलाही उशीर पुन्हा वाढला. आजाराची जात हे उशिराचं एक कारण आहेच. पण उशीर माणसानं कमी करता येतो आणि केल्यावर फळ मिळतं, हे त्या जिल्ह्यानं दाखवलं. नॉर्वेचे आठवडे वाचताना आपल्याकडची वर्षं आठवतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं पाहिली गेली. सायकोसिसचे दर चारपैकी तीन रुग्ण उपचाराबाहेर होते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला या भागातली घरं मुळीच आधार देत नाहीत.

देवस्थानांबद्दल सरसकट तुच्छतेनं बोलण्याची रीत मला मान्य नाही. तामिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ मानसिक रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सुमारे सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांची लक्षणं साधारण वीस टक्क्यांनी उतरली, आणि तिथे ना औषध होतं ना मारझोड. आपल्या फलटणच्या महानुभाव मंदिरातही व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी काम केलं. आजारी मुलासाठी त्याची आई स्वतः अंगात आणून ते दुखणं आपल्यावर ओढून घेते, हे त्यांनी १९८७ मध्ये नोंदवलं. घरच्या बायका आजाराचं किती ओझं वाहतात याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? आसरा, निवांतपणा, कुणी टाकून न बोलणं यांनी माणूस सावरतो, हे खरं आहे. पण त्या ३१ जणांच्या शेजारी तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि मुक्काम संपल्यावरच्या वर्षांचा हिशोबही त्या अभ्यासात नाही. दुसरी बाजू तर भीषण आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी घालायला बंदी केली. भूत उतरवायच्या नावानं मारणं-बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. माझा आग्रह एवढाच: नवस बोला, दर्शनाला जा, पण गोळी सोबत न्या आणि डॉक्टरची तारीख यात्रेच्या आधीची ठेवा. गावातला भगत 'आधी दवाखान्यात दाखवून ये' एवढं म्हणाला तरी उशिरातले कित्येक महिने वाचतात. म्हणून त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याच्याशी बोलणं मला जास्त उपयोगाचं वाटत आलं आहे.

लांबण्याचं दुसरं कारण उपचार तुटणं, आणि आष्टीच्या पट्ट्यात बहुतेक माणसं इथे हरतात. गोळ्या सुरू झाल्या की दीड-दोन महिन्यांत आवाज मागे पडतात, पोरगं आंघोळ करतं, शेतात जातं. नेमकं तेव्हाच घर ठरवतं की आता बरा झाला, झोपेच्या गोळ्यांची सवय नको. पाकिटात सहा-सात गोळ्या शिल्लक असताना ते देवळीत ठेवलं जातं. पहिले आठवडे काहीच होत नाही, उलट माणूस जास्त तरतरीत वाटतो, आणि गोळीची गरजच नव्हती असा समज पक्का होतो. मग झोप उडते, चिडचिड वाढते, आणि दोन-चार महिन्यांत सगळं पुन्हा उभं राहतं, बहुधा पहिल्यापेक्षा वाईट. २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू असलेल्यांत २७ टक्के आणि बंद केलेल्यांत ६४ टक्के निघालं. मनोविकारशास्त्रात इतका स्वच्छ फरक फार थोड्या गोष्टींत दिसतो.

दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता उचलावाच लागतो, आणि कारखान्याच्या फडावर कोपीत राहताना महिन्याची तारीख कोण पाळणार? अशा घरांसाठी दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन फार मोलाचं आहे. फ्लूफेनाझिन डेकॅनोएट हे औषध तिळाच्या तेलात मिसळलेलं असतं. कमरेच्या स्नायूत ते टोचलं की तेलातून थोडं-थोडं रक्तात उतरत राहतं. १९६० च्या दशकापासूनचं हे साधन आहे, महाग नाही, आणि कुठलीही शिकलेली नर्स ते देऊ शकते. अडचण एवढीच की फडाजवळच्या दवाखान्याकडे कागद नसतो आणि गावाकडच्या दवाखान्याला माणूस कुठे गेला हे ठाऊक नसतं. मुलाला लसीचं कार्ड देतो तसं इंजेक्शनचं कार्ड या माणसाच्या हातात असावं आणि राज्यातल्या कुठल्याही सरकारी केंद्रानं ते मान्य करावं, ही मागणी आरोग्य खात्यापुढे मी पुन्हा पुन्हा मांडत आलो आहे.

औषधांवर होणारी टीका खोटी नाही. जबडा आखडतो, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही. नव्या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, साखर चढते. स्किझोफ्रेनियाची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा, विडी-तंबाखूचा आणि मधुमेहाचा असतो. म्हणून वजन, साखर, रक्तदाब बघणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि जबडा आखडला तर त्यावर गोळी असते हे घरच्यांना आधीच सांगावं लागतं. न सांगितल्यामुळे पहिल्याच आठवड्यात औषध फेकलं जातं. डोस कमी करण्याच्या बाजूनंही पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांचा डोस काळजीपूर्वक कमी केला होता. २०१३ मध्ये, सात वर्षांनंतर, त्यांच्यातले ४० टक्के लोक पुरते बरे दिसले. ज्यांचं औषध तसंच चालू ठेवलं त्यांच्यात हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आत होतं. पण ब्रिटनमध्ये जुन्या रुग्णांवर तोच प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये दोन वर्षांचा निकाल आला, तेव्हा डोस उतरवलेल्यांत दवाखान्यात भरती करावी लागलेले २५ टक्के होते, चालू ठेवलेल्यांत १३ टक्के. आणि व्यवहारातल्या वागण्यात फायदा दिसला नाही. दोन्ही निकाल मला महत्त्वाचे वाटतात. पहिल्या झटक्यानंतर दीर्घकाळ स्थिर असलेल्या माणसाचा डोस डॉक्टरच्या नजरेखाली, हळूहळू, कमीत कमी पुरेल तिथपर्यंत आणावा. देवळीत पाकीट ठेवून एका दिवसात गोळी बंद करणं हे त्या संशोधनात कुठेच बसत नाही.

नेहमीच्या गोळ्यांनी भागत नाही अशांसाठी क्लोझापिन हे औषध आहे. दोन औषधं पुरेशा डोसानं, पुरेसा काळ देऊनही आवाज जात नसतील तर याहून प्रभावी औषध आजही नाही, हे १९८८ पासून सिद्ध आहे. ते स्वस्तही आहे. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात म्हणून पहिले काही महिने आठवड्याला रक्त तपासावं लागतं, आणि तेवढ्या एका तपासणीच्या गैरसोयीपायी खेड्यातली माणसं वर्षानुवर्षं निरुपयोगी औषधांवर ठेवली जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत डोपामिनला थेट न अडवता वेगळ्या वाटेनं काम करणारं पहिलं औषध मंजूर झालं. ती मोठीच बातमी आहे. पण आष्टीतल्या रुग्णाचं पुढचं वर्ष त्या औषधानं बदलणार नाही, त्या रक्ततपासणीनं बदलेल.

'आपल्या खेड्यांत हा आजार आपोआप बरा होतो, जागतिक आरोग्य संघटनाच सांगते' असंही ऐकू येतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्या संघटनेच्या अभ्यासात आग्रा हे केंद्र होतं, १९७८ नंतरच्या पुढच्या अभ्यासात चंडीगडचं शहर आणि तिथली खेडीही होती. गरीब देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे राहिले, असा निष्कर्ष निघाला. चंडीगड आणि लंडनच्या घरांची तुलना केली तेव्हा आपल्या घरांत रुग्णाला घालून-पाडून बोलणं, चिडणं कमी दिसलं. आणि असं टोचून बोलणं आजार उलटवतं, हे जॉर्ज ब्राउन यांनी ब्रिटनमध्ये आधीच दाखवलेलं होतं. एकत्र घर, शेतातलं झेपेल तेवढं काम, शेळ्यामागं जाणं, यांची किंमत मी कमी लेखत नाही. पण २००८ मध्ये अलेक्स कोहेन, विक्रम पटेल, वर उल्लेख आलेल्या डॉ. थारा आणि ओये गुरेजे या संशोधकांनी अकरा गरीब-मध्यम देशांतले २३ अभ्यास एकत्र ठेवले तेव्हा ही गुलाबी समजूत डळमळली. निकाल जागोजागी फार वेगळे होते, आणि उपचाराविना राहिलेल्यांची, मेलेल्यांची, घर सोडून गेलेल्यांची संख्या झाकली जात होती. रस्त्यावर सापडलेल्या अशा माणसांना बरं करून घरी पोचवणाऱ्या कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राच्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळाला. जे घर या माणसांना परत मिळतं ते चांगलंच असतं. मध्ये त्यांना रस्त्यावर यावं लागलं, कारण त्या चांगल्या घराला उपचाराची जोड नव्हती.

ही जोड देता येते का, याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं आहे. गोवा, साताऱ्याचा ग्रामीण भाग आणि तामिळनाडूतलं कांचीपुरम इथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली. सुदिप्तो चॅटर्जी, विक्रम पटेल यांच्यासह साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकर त्यात होते, आणि २०१४ मध्ये ती लॅन्सेटमध्ये छापून आली. ९५ जणांना दवाखान्यातला नेहमीचा उपचार मिळाला. १८७ जणांना तो मिळालाच, शिवाय गावपातळीवरचा प्रशिक्षित कार्यकर्ता घरी येत राहिला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते गोळ्या चालू आहेत का पाहायचे, घरच्यांना आजार समजावून सांगायचे, रुग्णाला कामाला, बाजाराला, माणसांत परत न्यायचे. वर्षानं दुसऱ्या गटात लक्षणं आणि अपंगत्व दोन्ही थोडी जास्त उतरली, गोळ्या नियमित घेणारे वाढले. फरक मोठा नव्हता आणि खर्च जास्त आला. ते अभ्यासकांनी लपवलं नाही. जिथे सेवा तुटपुंज्या आहेत अशा ग्रामीण भागात ही पद्धत आधी न्यावी, हा त्यांचा निष्कर्ष. आष्टीचं वर्णन याहून नेमकं कुणी केलं नसतं. हे काम गावातल्या आशाताईंकडे द्यावं म्हटलं तर त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हे काम फुकट किंवा तुटपुंज्या भत्त्यावर त्यांच्या गळ्यात मारू नये. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्यातल्या आशांनी नैराश्याच्या खुणा ओळखायचं शिक्षण घेतलं आहेच. त्याच प्रशिक्षणात आवाज ऐकू येणं, संशय आणि तुटक बोलणं यांची भर घालणं कठीण नाही.

घरच्यांनी एकत्र येण्याचंही महत्त्व तितकंच आहे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली आणि २००४ मध्ये 'देवराई' हा चित्रपट लोकांपुढे आला. रुग्णाच्या बहिणीनं, भावानं उघडपणे बोलायचं हे मराठी मध्यमवर्गाला त्यातून बरंच जमलं. परतूर-मंठ्याच्या गावांत ते अजून जमायचं आहे.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नव्हतं. आता ते जालन्यात उभारायचा निर्णय झाला आहे आणि त्याचं मी स्वागत करतो. पण खाटा भरून हा आजार आटोक्यात येणार नाही. त्या रुग्णालयानं पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. पहिल्या झटक्याच्या प्रत्येक रुग्णाची लक्षणं कधी सुरू झाली आणि तो कुठून-कुठून फिरत आला याची नोंद ठेवावी. तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी, न चुकता, डॉक्टर आणि औषध पाठवावं. आणि क्लोझापिनसाठी लागणारं रक्त गावाजवळ घ्यावं. नोंद नीट ठेवली तर पाच वर्षांत जालना जिल्ह्याकडे स्वतःचं संशोधन असेल, आणि उशीर कुठल्या वळणावर होतो ते आपल्याला परक्या आकड्यांवरून ताडावं लागणार नाही.

वाचणाऱ्यांच्या घरात किंवा शेजारी कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ झोपत नसेल, एकटंच बोलत असेल, कारण नसताना माणसांवर संशय घेत असेल, तर कारण ठरवत बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, रात्रीही. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचे डॉक्टर आणि गोळ्या आहेत. याच आठवड्यात जा, आणि बरं वाटायला लागल्यावर पुढच्या तारखेलाही जा.